अरण्यमार्गावर गिअर उतरविण्याची कला



नवी मोटार दारात उभी राहिली म्हणजे तिच्याविषयीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ती पळते किती? शेजारी तेच विचारतात, पाहुणे तेच विचारतात, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना तर याहून दुसरा प्रश्नच सुचत नाही. मालकालाही उत्तर देताना धन्यता वाटते. परंतु ही मोटार वेग कमी कशी करते, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांत ज्याला मोटार चालवावयाची आहे, त्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. आज मी त्याचाच विचार करणार आहे. वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये झटका न बसता कसे यावे, त्यामागील यंत्रशास्त्र कोणते, आणि अलीकडे निघालेल्या वेगवान सेडान मोटारीची पहिली ओळख करून घेताना या बाबतीत तिची परीक्षा कशी पाहावी, हे आपल्याला थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम रस्त्याची कल्पना यावी. चंद्रपूर सोडून मूलच्या दिशेने निघाले की लोहारा मागे पडते न पडते तोच जंगल सुरू होते. चिचपल्ली, अजयपूर, केळझर ही गावे या जंगलपट्ट्यातलीच. मूल व सावली ओलांडून वैनगंगेचा पूल पार केला म्हणजे गडचिरोली येते. पुढे चामोर्शी, आष्टी करीत आपण आलापल्लीस पोहोचतो. तेथील सागवानाचे जुने वन ‘वनवैभव’ या नावाने प्रसिद्ध आहे. आलापल्लीहून एक रस्ता भामरागडकडे, एक एटापल्लीकडे आणि एक दक्षिणेस सिरोंचाकडे जातो. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक भूमीवर आजही वन आहे.

या मार्गांवर कसारा किंवा खंबाटकी यांसारखे मोठे घाट नाहीत. रस्ता बहुधा सपाट आणि पुष्कळ ठिकाणी सरळ आहे. मग येथे गिअर उतरविण्याच्या कौशल्याचे एवढे काय अडले आहे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, अडचण उत्पन्न होते ती या सरळपणामुळेच. मोकळा रस्ता पाहून पाय नकळत ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, आणि वेग चढतो न चढतो तोच तो कमी करण्याचा प्रसंग येतो. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे मोहफुले वेचण्यासाठी बाया आणि मुले रस्त्याच्या कडेला आलेली असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे घेऊन माणसे रानातून परततात. तिन्हीसांजेला गुरांचे कळप रस्त्याने गावाकडे वळतात. चितळ एक ओलांडले म्हणून मार्ग मोकळा झाला असे समजू नये, कारण मागून दुसरे येतच असते. वाघाचे रस्ता ओलांडणे ही ताडोबाच्या परिसरात अपूर्वाईची गोष्ट नाही. 2021 मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, आणि तेव्हापासून त्या जिल्ह्यात रात्रीचा प्रवास करणाऱ्याला आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. यांत कोळशाचे ट्रक, सुरजागडच्या टेकड्यांतून लोहखनिज वाहणारे ट्रक, नाल्यांवरचे अरुंद रपटे आणि गावोगावचे गतिरोधक मिळवा. म्हणजे ऐंशीवरून तीसवर आणि तीसवरून पुन्हा साठवर, असा हा प्रवास चालतो. अशा प्रवासात चालकाचे कसब गाडी पळविण्यापेक्षा ती सावरण्यात अधिक दिसून येते.

आता यंत्राकडे वळू. बैल उभ्या जागेवरून गाडा ओढू लागतो, तसे मोटारीच्या इंजिनाला करता येत नाही. ते स्वतः फिरत असेल तरच जोर देते, आणि तो जोरही ठराविक फेऱ्यांच्या दरम्यानच पुरेपूर मिळतो. चाके मात्र कधी जागच्या जागी असतात, तर कधी भरधाव फिरत असतात. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी मधे दातेरी चाकांची पेटी बसविलेली असते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे पुष्कळ होतात आणि चाकांचे थोडे, त्यामुळे वेग कमी पण ओढ जास्त मिळते. वरच्या गिअरमध्ये याच्या उलट घडते. इंजिन आणि ही पेटी यांच्या दरम्यान क्लच असतो. तो दाबला म्हणजे दोघांचा संबंध सुटतो, आणि सोडला म्हणजे दोघे पुन्हा एकत्र फिरू लागतात.

एक हिशेब करून पाहिल्यास मुद्दा स्पष्ट होईल. समजा, आपल्या मोटारीच्या चाकाचा परीघ 2 मीटर आहे. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1,000 मीटर. तेव्हा चाक मिनिटाला 500 फेरे घेते. समजा, शेवटच्या दंतचक्रांचे प्रमाण 4, तिसऱ्या गिअरचे 1.3 आणि दुसऱ्याचे 2 आहे. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे होतील 500 गुणिले 1.3 गुणिले 4, म्हणजे 2,600. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये होतील 500 गुणिले 2 गुणिले 4, म्हणजे 4,000. गाडीचा वेग तोच असतानाही केवळ गिअर बदलल्याने इंजिनाला 1,400 फेरे अधिक घ्यावे लागतात. गिअर उतरविण्याचे सारे मर्म या फरकात आहे. हे जादा फेरे इंजिनाला कोण देणार?

देणारे दोघेच संभवतात. एक चालकाचा उजवा पाय, आणि दुसरी स्वतः धावती गाडी. चालकाने क्लच दाबला, गिअर दुसऱ्यात टाकला आणि काही न करता क्लच सोडून दिला, तर त्या मधल्या अवधीत इंजिनाचे फेरे चढण्याऐवजी उलट खाली आलेले असतात. मग गाडीच्या वेगाला त्या मंदावलेल्या इंजिनास ओढून 4,000 फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते. ही ओढ ज्या चाकांना इंजिन जोडलेले आहे, केवळ त्याच चाकांवर पडते. गाडीचे नाक खाली जाते, मागे बसलेल्यांची डोकी पुढे झुकतात, क्लचची तबकडी घासली जाते. धावत्या बैलगाडीवर उभ्या जागेवरून उडी घेणारा आपटतो. चार पावले गाडीच्या बरोबरीने धावून मग पाय टाकणारा अलगद चढतो. इंजिनालाही गाडीबरोबर अशी चार पावले आधी धावावयास लावणे, यालाच गिअर सुरळीत उतरविणे म्हणतात.

झटक्याने मंडळींची गैरसोय होते, एवढीच ही गोष्ट असती तर तिच्यावर भाषण करण्याचे कारण नव्हते. परंतु रस्ता ओला असेल, पहिल्या पावसाने त्यावरची धूळ आणि तेल एकत्र होऊन निसरडे झाले असेल, किंवा वळणावर सागाची ओली पाने पडलेली असतील, तर हाच झटका चाकांची पकड सोडवू शकतो. हल्लीच्या बहुतेक लहान-मध्यम मोटारींत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना दिलेला असतो. ती घसरली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, सरळच जाते. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीचा मागचा भाग अशा वेळी बाजूला फेकला जातो. चाके ब्रेकने अडकू नयेत म्हणून नव्या गाड्यांत एबीएस ही योजना असते. पण ती ब्रेकने पडणारी अटक सैल करते, इंजिनाने घातलेली ओढ सैल करणे तिच्या हातात नाही. ते काम काही गाड्यांतील स्थैर्यरक्षक यंत्रणा बऱ्याच अंशी करते. तथापि झटका द्यावयाचा आणि तो निस्तरण्याचा भार यंत्रावर टाकावयाचा, ही काही चांगल्या चालकाची रीत नव्हे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. पुढे वळण किंवा गाव दिसले की प्रथम गिअरला हात लावू नये. उजवा पाय ब्रेकवर न्यावा आणि आहे त्याच गिअरमध्ये गाडीचा वेग खालच्या गिअरला साजेल इतका उतरू द्यावा. आपल्या उदाहरणात वेग 60 ऐवजी 30 वर आणला, तर तिसऱ्या गिअरचे फेरे 1,300 आणि दुसऱ्याचे 2,000 होतात. म्हणजे 1,400 फेऱ्यांचे अंतर 700 वर आले आणि अर्धे काम ब्रेकनेच झाले. मग क्लच पूर्ण दाबून दांडा खालच्या गिअरमध्ये घ्यावा. क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने ॲक्सिलरेटर क्षणभर दाबावा. आपल्याकडील चालक याला ‘रेस देणे’ म्हणतात. फेरे योग्य जागी पोहोचताच, ते पुन्हा पडण्याच्या आत क्लच सोडावा. सारे नीट जमले तर आवाजाची पट्टी तेवढी बदलते, गाडीला काही जाणवतही नाही.

रेस किती द्यावी, हे पाहण्यासाठी काट्याकडे डोळे लावून बसू नये. डोळ्यांची जागा रस्त्यावर आहे. हे काम कानाचे आहे. मोकळ्या रस्त्यावर एकदा ताशी 40 च्या वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये जावे आणि आवाज ध्यानात ठेवावा. मग त्याच वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये जावे आणि तो आवाज ध्यानात ठेवावा. या दोन स्वरांमधले अंतर म्हणजेच आपल्याला द्यावयाची रेस. ज्याला पेटीवरचा षड्ज आणि पंचम ओळखता येतो, त्याला हे ओळखता येण्यास अडचण नाही. रेस थोडी कमी पडल्यास किंचित मागे ओढल्यासारखे वाटते, जास्त झाल्यास गाडी किंचित पुढे ढकलल्यासारखी होते. या दोन खुणांवरून आठ-दहा दिवसांत पाय आपोआप शिकतो.

शर्यतीतील चालक याच्या पुढची पायरी गाठतात. पायाचा पंजा ब्रेकवर ठेवूनच त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने ते ॲक्सिलरेटर दाबतात, त्यामुळे ब्रेक न सोडता रेस देता येते. ही ‘हील-टो’ पद्धत पाहावयास मोठी मनोवेधक आहे. परंतु तिच्यात ब्रेकवरील दाब कमी-जास्त होण्याची भीती असते, आणि शिकणाऱ्याने ती वर्दळीच्या रस्त्यावर करून पाहू नये. आधी ब्रेक, मग गिअर, हा साधा क्रम घरच्या चालकाला पुरेसा आहे. त्यासाठी वळण दुरून ओळखता आले पाहिजे, एवढेच.

येथे कोणी म्हणेल, की पूर्वीच्या गाड्यांत या खटपटी होत्या, आता त्यांची गरज काय? यात थोडे तथ्य आणि थोडी गल्लत आहे. आरंभीच्या मोटारींत दातेरी चाके एकमेकांत सरकवावी लागत. त्यांची गती जुळली नाही तर दात कर्कश आवाज करीत घासत. म्हणून चालक एकदा क्लच दाबून गिअर मोकळा करी, क्लच सोडून रेस देई आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकी. हाच तो ‘डबल क्लच’. 1928 साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत ‘सिंक्रोमेश’ ही योजना आली आणि हा त्रास पुढे हळूहळू संपला. तिच्यात दात एकमेकांत शिरण्यापूर्वी एक शंकूच्या आकाराचे कडे घर्षणाने त्यांची गती जुळवून घेते. पण लक्षात घ्या, हे कडे गती जुळविते ती पेटीच्या आतल्या चाकांची. त्या वेळी क्लच दाबलेला असल्याने इंजिन पेटीपासून सुटलेले असते. त्याचे फेरे जुळविण्याचे काम सिंक्रोमेशने केलेले नाही. गिअर आवाज न करता पडला म्हणजे काम संपले असे पुष्कळांना वाटते, आणि झटका बसतो तो याच समजुतीमुळे.

दुसरे दोन-तीन गैरसमजही दूर केले पाहिजेत. पहिला असा की, गिअर उतरविणे हा ब्रेकचा पर्याय आहे. लांब उतारावर, विशेषतः जड वाहनाला, इंजिनाची अटक हवीच, नाही तर ब्रेक तापून निकामी होतात. परंतु सपाट रस्त्यावर वेग कमी करणे हे ब्रेकचेच काम आहे. ब्रेकचे पॅड झिजले तर ते बदलणे स्वस्त पडते, क्लच झिजला तर खर्च कितीतरी मोठा होतो. शिवाय केवळ गिअर उतरवून वेग कमी केला तर मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागून खनिजाने भरलेला ट्रक येत असेल, तर आपण मंदावलो हे त्याच्या चालकाला कळावयाचे कसे? त्या ट्रकला थांबण्यास आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त अंतर लागते. म्हणून इंजिनाच्या अटकेचा उपयोग करतानाही ब्रेकला पायाचा हलका स्पर्श करून मागच्याला सूचना देणे अगत्याचे आहे.

दुसरा गैरसमज पेट्रोल वाचविण्यासंबंधीचा. उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडून देणारे अजूनही भेटतात. नव्या इंजिनांत, गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बहुधा बंदच होतो आणि इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवण्यासाठी थोडे का होईना इंधन खर्च होते. म्हणजे बचत तर नाहीच, आणि समोर रानडुक्कर आडवे आले तर गाडी हाती नाही.

तिसरी गोष्ट गैरसमजाची नव्हे, निष्काळजीपणाची आहे. पाचव्यातून चौथ्यात येताना घाईने दांडा दुसऱ्यात पडला आणि क्लच सोडला, तर गाडीचा वेग इंजिनाला त्याच्या सहनशक्तीपलीकडे फिरवितो. इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा इंधन बंद करू शकते, पण चाकांकडून येणारा हा जोर तिला अडविता येत नाही. इंजिन क्षणात कायमचे बिघडू शकते. म्हणून हात सावकाश चालवावा, घाई पायांनी करावी.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर आता नव्या मोटारीकडे येऊ. सेडान म्हणजे मागे सामानासाठी स्वतंत्र डिकी असलेली बैठ्या बांधणीची मोटार. उंच गाड्यांची आवड वाढत असतानाही ज्यांना चालविण्याचा आनंद हवा असतो, त्यांचे या प्रकारावरील प्रेम कमी झालेले नाही. उदाहरणासाठी आपण पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस घेऊ. ती जून 2022 मध्ये बाजारात आली. तिच्या ‘जीटी’ या वेगवान प्रकारात 1,498 घन सेंटीमीटरचे, टर्बो बसविलेले चार सिलिंडरांचे इंजिन आहे. त्याची शक्ती 150 अश्वशक्ती आणि ओढ 250 न्यूटन-मीटर आहे. प्रारंभी या प्रकाराला फक्त आपोआप बदलणारी सात गिअरांची पेटी होती. 2023 मध्ये सहा गिअरांची, हाताने चालवावयाची पेटीही मिळाली.

अशा मोटारीत बसल्यावर जुन्या पेट्रोल गाडीची सवय असलेल्या चालकाला पहिला नवेपणा जाणवतो तो ओढीचा. ही 250 न्यूटन-मीटरची पूर्ण ओढ 1,600 पासून 3,500 फेऱ्यांपर्यंत मिळते. आपल्या उदाहरणातील 2,600 फेरे या पट्ट्याच्या मध्यावरच येतात. म्हणजे पुढचा ट्रक ओलांडण्यासाठी, पूर्वीच्या लहान इंजिनांप्रमाणे, प्रत्येक वेळी गिअर उतरवून इंजिनाला ओरडावयास लावण्याचे कारण उरत नाही. गिअर उतरविण्याचा हेतूच येथे बदलतो. पुढील वळणानंतर गाडी आपल्या मुठीत असावी, पाय दाबताच पुढे जाईल आणि उचलताच सावरेल अशी ती तयार असावी, यासाठी आपण गिअर उतरवितो.

दुसरी गोष्ट टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर एक पाते फिरते आणि ते आत येणारी हवा दाबून भरते. ते गतिमान होण्यास क्षणभर वेळ लागतो. त्यामुळे अगदी कमी फेऱ्यांवर वरचा गिअर तसाच ठेवून जोर मागितला, तर उत्तर उशिरा आणि एकदम येते. रपट्याच्या अलीकडे वेग कमी करून पलीकडे पुन्हा चढावयाचा असेल, तर गिअर आधीच उतरविलेला असणे इष्ट, ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट बैठकीची. या मोटारीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, गाडी रिकामी असताना, 179 मिलिमीटर आहे. सेडानच्या मानाने ती चांगली म्हणावयाची. तथापि पाच माणसे आणि सामान भरल्यावर ती कमी होते, आणि आतील रस्त्यांवरच्या गतिरोधकांची उंची काही कोणाला विचारून ठरविलेली नसते. तेथे पहिल्या-दुसऱ्या गिअरचा मान राखावाच लागतो.

आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण नव्या वेगवान गाड्यांत आता तीच अधिक दिसते. व्हर्टसमधील पेटीत एकाऐवजी दोन क्लच असतात. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा हे विषम गिअर एका क्लचकडे, तर सम गिअर दुसऱ्याकडे. या पद्धतीची पहिली विक्रीची मोटार 2003 साली निघाली. तीही फोक्सवॅगनचीच होती. गाडी चौथ्यात चालत असताना वेग उतरू लागला, की पेटी तिसरा गिअर दुसऱ्या क्लचवर आधीच लावून ठेवते. बदलाच्या क्षणी इंजिनाचे फेरे स्वतः चढविते, एक क्लच सोडते आणि दुसरा धरते. मघाशी आपण पायाने व कानाने जे केले, तेच हे यंत्र डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच करते. पुढे हाताने चालविण्याच्या गाड्यांतही रेस आपोआप देण्याची सोय आली. 2009 च्या निस्सान 370 झेडमध्ये ती होती.

ऑक्टोबर 2025 मध्ये भारतात आलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस ही याच वाटेवरची पुढची मजल. ऑक्टेव्हिया हे नाव महाराष्ट्राला नवे नाही, कारण या शतकाच्या आरंभीपासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे ती जोडली जात असे. ही नवी आरएस मात्र परदेशातून तयार होऊन आली, आणि तीही फक्त 100. तिची शक्ती 265 अश्वशक्ती, ओढ 370 न्यूटन-मीटर. उभ्या जागेवरून ताशी 100 चा वेग ती 6.4 सेकंदांत गाठते. पेटी सात गिअरांची आणि दोन क्लचची.

ही यंत्रे विलक्षण खरी. चालकाने चुकीचा गिअर मागितला आणि फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील, तर ती मागणी अशी पेटी मान्यच करीत नाही. परंतु वळणापलीकडे काय आहे, हे तिला दिसत नाही. अजयपूरच्या पुढच्या झाडीत दोन डोळे चमकले, ते आपण पाहतो, पेटी पाहत नाही. वेग उतरला की गिअर उतरविणे तिला कळते. वेग उतरवावा केव्हा, हे मात्र आपणच ठरवावयाचे. स्टिअरिंगमागच्या पट्ट्या दाबून वेळेआधी गिअर उतरविण्याची सोय अशा गाड्यांत असते, ती याचसाठी वापरावी. नुसता आवाज ऐकण्यासाठी तिचा उपयोग करणारे अरण्यात न गेलेलेच बरे. समोर हत्ती उभा असताना इंजिनाची मोठी गर्जना करणे म्हणजे त्याला आव्हान देणे होय. उत्तम रीतीने उतरविलेल्या गिअरला रेस मोजकीच लागते.

आता या साऱ्या शक्तीचा रात्रीच्या रस्त्याशी मेळ घालून पाहा. ताशी 100 च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तरी थांबेपर्यंत सुमारे 83 मीटर लागतात. हाच वेग 60 असेल तर सुमारे 37 मीटर पुरतात. रस्ता ओला असल्यास 60 च्या वेगालाही 50 मीटरच्या वर जावे लागते. समोरून गाडी येत असल्याने आपण दिवे खाली केले, तर आपल्याला स्पष्ट दिसणारा रस्ता बहुधा 40 ते 60 मीटरच असतो. तेव्हा 100 च्या वेगाने जाणारा मनुष्य, जे अद्याप दिसलेलेच नाही, त्याच्यावर आपली गाडी सोडीत असतो. हा हिशेब 150 अश्वशक्तीला लागू आहे, तसाच 265 लाही. टायर आणि रस्ता यांची पकड इंजिनाबरोबर वाढत नाही.

म्हणून नवी मोटार घेणाऱ्याने पहिल्या शंभर किलोमीटरांत तिचा सर्वाधिक वेग पाहण्याच्या भरीस पडू नये. त्याऐवजी काही साध्या गोष्टी पाहाव्या. क्लच कोणत्या जागी पकडतो? ब्रेक दाबताच लागतो, की थोडा खोल गेल्यावर? रेस दिल्यावर फेरे किती लवकर चढतात, आणि पाय काढल्यावर किती सावकाश उतरतात? प्रत्येक इंजिनाची ही चाल निराळी असते, आणि ती कळल्याखेरीज गिअर सुरळीत उतरत नाही. आसन असे लावावे की क्लच शेवटपर्यंत दाबूनही गुडघा किंचित वाकलेला राहील. मग घरच्या मंडळींना बसवून हाच प्रयोग करावा, कारण एकट्याने चालविलेली आणि पाच जणांना घेऊन जाणारी गाडी यांच्या थांबण्यात फरक पडतो. आपल्या कौशल्याची परीक्षा मागच्या आसनावरच्या वडीलधाऱ्या बाईंवर सोपवावी. मूलपर्यंत त्यांच्या हातातील तांब्यातले पाणी सांडले नाही आणि त्यांची डुलकी मोडली नाही, तर गिअर नीट उतरले असे समजावे. त्यांच्या निकालावर अपील नाही.

भामरागडच्या वाटेवर गाडी झाडावर आदळली, तर मदत येण्यास किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. मोहफुले वेचणाऱ्या मुलाला धक्का लागला, तर त्याचे मोल कोणत्याच हिशेबात बसत नाही. त्या रस्त्यावर आपण पाहुणे आहोत. मालक ती माणसे आणि ती जनावरे आहेत, आणि त्यांच्यापाशी ब्रेक नाहीत.

येत्या रविवारी सकाळी एखादे मोकळे मैदान किंवा रिकामा रस्ता गाठून तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याचा सराव अर्धा तास करावा, अशी माझी श्रोत्यांना विनंती आहे. या कलेला खर्च काही नाही, आणि ती जुन्या गाडीवरही तितकीच साधते.